फुलेवाडी नाक्यावरून जगाकडे: लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाची तयारी

सायकलवरून जग फिरायचंय असं कुणी म्हणालं की ऐकणारा दोनच गोष्टी विचारतो: सायकल कितीची, आणि खर्च किती? माझ्याकडे असं कुणी आलं की मी म्हणतो, आधी आपल्या कोल्हापूरच्या फुलेवाडी नाक्यावरून सह्याद्रीच्या कड्यावरच्या गगनबावड्याला जाऊन या. सामान लादून जा, रात्री तिथंच राहा, दुसऱ्या दिवशी परत या. जायला पंचावन्न किलोमीटर आणि यायला तेवढेच. परत आल्यावर तुम्हाला जे प्रश्न पडलेले असतील, त्यांची उत्तरं शोधण्यात अर्थ आहे. सायकल कितीची हा प्रश्न बहुतेक वेळा तोवर मागे पडलेला असतो.

चेष्टा करत नाहीये. कोल्हापूरच्या माणसाला दाराबाहेर पडल्या पडल्या जे मिळतं ते मोठ्या शहरातल्या सायकलवाल्याला गाडीला सायकल बांधून शोधायला जावं लागतं. तासाभरात पन्हाळ्याचा चढ, अर्ध्या दिवसात सह्याद्रीचा कडा, जून-जुलैत तोंडावर आदळणारा पश्चिमेचा वारा, आणि गळिताच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावर काय होईल याची चिंता करण्याआधी हे सगळं फुकटात वापरून घ्यावं.

आपल्याकडच्या माणसांना हे जमत नाही असंही नाही. मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी १९२३ साली सायकली काढल्या आणि त्यातले तिघे १९२८ मध्ये जग फिरून परत आले. सुमारे ७१ हजार किलोमीटर, तेही गियर नसलेल्या सायकलींवर. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर पार केले. वाटेत कॅनडात अस्वल मागं लागलं आणि स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटलं गेलं, तरी तिने फेरी पूर्ण केली.

आधी तीन फेऱ्या

पहिली फेरी पन्हाळ्याची. वीसेक किलोमीटरच आहे म्हणून हलक्यात घेऊ नका, कारण ही फेरी पूर्ण सामान लादून करायची. सामान तयार नसेल तर दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरा. वाघबिळाच्या पुढं चढ लागला की तुमच्या सायकलचा सगळ्यात हलका गियर खरंच हलका आहे की नाही ते कळतं. उभं राहून पेडल मारावं लागलं तर तो गियर प्रवासाच्या कामाचा नाही. उभं राहून एक चढ निघतो, सलग सहा दिवस निघत नाहीत.

दुसरी गगनबावड्याची, मुक्कामासह. फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण असा रस्ता आहे. इथं किलोमीटर मोजायचे नाहीत, दुसऱ्या दिवशीची सकाळ बघायची. काल पंचावन्न किलोमीटर मारून आज सीटवर बसताना काय होतं? तळहाताला मुंग्या येतात का? मान आखडली का? एका दिवसात शंभर किलोमीटर कुणीही हट्टानं मारतो. लांबचा प्रवास म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या दिवशी पुन्हा सीटवर बसता येणं. जमलं तर हीच फेरी एकदा पावसाळ्यात करा. गगनबावड्याचा पाऊस काय असतो ते जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. तुमचा रेनकोट, पिशव्यांची जलरोधक झाकणं, बॅटरीचे दिवे यातलं काय खोटं आहे ते दोन तासांत बाहेर येतं. मात्र पावसाळ्यात घाट उतरायच्या भानगडीत पडू नका. धुकं आणि दरडी या दोन्हींपुढे सराव चालत नाही.

तिसरी फेरी पावसाळा संपल्यावर, तीन दिवसांची: कोल्हापूर ते गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तिथून फोंडा, मग फोंडा घाट चढून दाजीपूर, राधानगरी आणि परत. दोनशे किलोमीटरच्या आसपास होतं. करूळ कामासाठी बंद असेल तर गगनबावड्यावरूनच भुईबावड्याचा दुसरा घाट खाली उतरतो. उतारावर सतत एकच ब्रेक दाबून ठेवू नका. मागचा, पुढचा, पुन्हा मागचा असे आळीपाळीने जोरात दाबा आणि सोडा. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर मध्ये थांबून रिमला बोट लावून बघा. चटका बसला तर दहा मिनिटं चहा प्या. दाजीपूरच्या जंगलात अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं. तिथं रस्त्यावर गवा उभा असतो आणि तो घंटीला दाद देत नाही. अभयारण्य असल्यामुळे जंगलात तंबू ठोकायचा विचारही नको.

आणि ट्रॉल्यांचं. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत संध्याकाळी सहानंतर ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांवर सायकल चालवायची नाही, हा माझा नियम आहे. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या वळणावर किती जागा खातात हे एकदा बघितलं की नियम पटतो. पुढं परदेशात ‘अंधारात चालवायचं नाही’ हाच नियम तुम्हाला सगळ्यात जास्त वाचवणार आहे.

सायकल

स्टीलची फ्रेम घ्या. क्रोमोली म्हणतात ती (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची) मिळाली तर उत्तम. कारण साधं आहे. स्टील तुटलं तर कुठल्याही गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो. ॲल्युमिनियमला वेगळं मशीन आणि वेगळा हात लागतो. माझ्या सायकलचं मागचं कॅरेज मी शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सळीचं करून घेतलं. दिसायला ते दुधाच्या किटल्यांच्या सायकलीवरच्या कॅरेजसारखं आहे, लोक हसतात, पण आजवर एक टाका सुटलेला नाही.

गियरचा हिशोब दुकानदाराला विचारू नका, स्वतः करा. पुढची सगळ्यात लहान चक्री २२ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी ३४ ची असेल, तर २६ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेरीत साधारण १.३५ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटरच्या आत. म्हणजे चालण्याचा वेग, पण गुडघा शाबूत. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत पुढं ३४ आणि मागं २८ असलं तर तीच फेरी अडीच मीटर जाते. वीस किलो सामान घेऊन ती अडीच मीटर घाटात ओढायला लागलं की दुसऱ्या आठवड्यात गुडघेदुखीची गोळी शोधावी लागते.

टायर किमान चाळीस मिलिमीटर रुंद घ्या. मागच्या चाकाला छत्तीस तारा असाव्यात, कारण बहुतेक वजन मागेच बसतं. आणि व्हॉल्व्ह! याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तसला जाड व्हॉल्व्ह असेल तर जगातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, लांबट, वर पितळी नट असलेला असेल तर आपल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. तेव्हा पितळेचं छोटं अडॅप्टर घ्या, एक व्हॉल्व्हवर चढवून ठेवा आणि दुसरं पाकिटात ठेवा. वीस-तीस रुपयांच्या त्या तुकड्याअभावी मी एकदा पेट्रोल पंपावर उभा राहून हातपंपाने शंभर वेळा हवा मारली आहे, आणि पंपावरचा पोरगा माझ्याकडे दयेने बघत होता.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. एवढं केलं तरी निम्मी दुखणी जातात.

वजन

पहिल्या वेळी मी भरलेल्या पिशव्या घेऊन गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर गेलो. एकतीस किलो. त्याने विचारलं, “काय इकायचं काय?” विकलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन सगळं जमिनीवर पसरलं आणि प्रत्येक वस्तूला विचारलं: गेल्या फेरीत तू किती वेळा बाहेर आलीस? जीन्स एकदाही नाही. दुसरं पातेलं एकदा, त्यातही चहाच केला होता. जाडजूड कुलूप, स्टीलचा तांब्या, वाचू म्हणून घेतलेली दोन पुस्तकं, ‘लागेल तर’ म्हणून घेतलेली चादर. अन्नपाणी सोडून अठरा-वीस किलोच्या वर सामान गेलं की सायकल मागून ढकलल्यासारखी डुलायला लागते आणि मागच्या तारा तुटायला लागतात. सायकल चालवायच्या कपड्यांचे दोन जोड, मुक्कामावरचा एक, एक गरम जाकीट, पावसाचं एक. बस्स. पॅडवाली चड्डी घालताना आत दुसरं काही घालू नका आणि ती रोज धुवा. आळस केलात तर चौथ्या दिवशी फोड येतील आणि मग बसताही येणार नाही.

जड वस्तू खाली आणि शक्यतो पुढच्या चाकाच्या बाजूच्या पिशव्यांत. तंबू, हत्यारं, तांदूळ पुढे गेले की सायकल सरळ धावते. सगळं मागे बांधलं तर चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल भटकतं.

हात काळे करा

इथं थोडा वेळ थांबतो, कारण जगप्रवासातून माघारी फिरलेल्यांपैकी कितीतरी जण वाघाने किंवा चोराने अडवलेले नसतात, साध्या बिघाडाने अडलेले असतात.

एकतीस किलो सामान असतानाच्या त्या काळातली गोष्ट. करूळ घाट खालून वर चढत होतो. मागून टण्ण असा आवाज झाला आणि चाक ब्रेकला घासायला लागलं. उतरून बघितलं तर चेनच्या बाजूची एक तार हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, जिथं ती वाकून छिद्रात शिरते, तिथंच तुटली होती. तारा बहुतेक वेळा तिथंच तुटतात. माझ्याकडे नवी तार होती, ऐटीत विकत घेतलेली. पण चेनच्या बाजूची तार बसवायला आधी मागचा दात्यांचा गठ्ठा काढावा लागतो, आणि तो काढायचं छोटं हत्यार माझ्याकडे नव्हतं. म्हणजे तार होती आणि तिचा उपयोग शून्य.

मग जे केलं ते तुम्हीही शिकून घ्या. तुटलेली तार शेजारच्या तारेभोवती गुंडाळून चिकटपट्टीने बांधली, म्हणजे ती गियरमध्ये अडकणार नाही. मागचा ब्रेक मोकळा सोडला. सायकल उलटी ठेवून चाक हळू फिरवलं आणि फ्रेमला एक काडी अशी बांधली की तिचं टोक रिमच्या अगदी जवळ येईल. चेनच्या बाजूची तार तुटली की त्या जागी रिम डावीकडे सरकते, कारण डावीकडच्या तारांना अडवणारं कुणी राहत नाही. म्हणून तुटलेल्या तारेच्या दोन्ही अंगांच्या डाव्या तारा अर्धा अर्धा फेरा ढिल्या केल्या. पुन्हा चाक फिरवून बघितलं, मग आणखी पाव फेरा. चाक अगदी सरळ झालं नाही, पण फ्रेमला घासायचं थांबलं. अर्धं सामान दोन्ही हँडलांना लटकवून पुढं हलवलं आणि ढकलत ढकलत वर आलो.

कोल्हापुरात परतल्यावर गंगावेशीजवळच्या एका जुन्या मिस्त्रींकडे चाक नेलं. त्यांनी चाकाकडे बघण्याआधी माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाले, “पैसं देऊन आऊट काढून घेशील, पर तिथं रानात कोण देणार हाय? बस हितं. नुसतं बघू नगंस, हात काळं कर.” तीन रविवार मी त्यांच्या दुकानात बसलो. चाकाची आऊट काढायचा, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायचा, त्यांचा पहिला धडा असा: टायरच्या बाजूनं निपलकडे, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकावरच्या छोट्या नटाकडे, बघितलं की उजवीकडे फिरवल्यावर तार घट्ट होते. चाकाच्या मध्यातून, म्हणजे हबच्या बाजूनं बघितलं की उलटं वाटतं, आणि तिथंच नवखा फसतो. दुसरा धडा: एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. तिसरा धडा त्यांनी तोंडाने सांगितला नाही. दोन तारा चिमटीत धरून दाबायच्या आणि आवाज ऐकायचा. एका बाजूच्या तारा साधारण एकाच सुरात वाजल्या की चाक टिकणार.

आता माझ्या पाकिटात काय असतं ते सांगतो. दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर काढायच्या तीन पट्ट्या, हातपंप. ॲलन की चार, पाच आणि सहाची. चेन तोडायचं हत्यार, चेनची दोन जोडकडी. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या लांबीच्या प्रत्येकी दोन तारा, निपलचा पान्हा आणि ते गठ्ठा काढायचं हत्यार. ब्रेकचे रबर, ब्रेकची आणि गियरची एकेक केबल. प्लास्टिकचे बंद. आणि भुवया कोरायचा चिमटा. महामार्गावरच्या पंक्चरांचं मोठं कारण म्हणजे फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसाएवढी पोलादी तार. ती टायरमध्ये बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. टायरच्या आतून फडकं फिरवलं की धागा अडकतो, तिथं चिमटा घालायचा. ती न काढता नवी ट्यूब घातलीत तर दहा किलोमीटरवर पुन्हा बसावं लागेल. कोल्हापूरच्या बाजूला बाभळीचे काटे आहेतच, त्यांच्यासाठीही हेच.

चेन मोजायची साधी पट्टी पुरते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरतात. पट्टीवर एक सोळांश इंच जास्त दिसलं की चेन बदला. एक अष्टमांशपर्यंत जाऊ दिलीत तर मागचा गठ्ठाही खराब होतो, आणि तो मंगोलियात मिळत नाही.

अंग आणि पोट

तयारीचं वेळापत्रक मी देणार नाही. आठवड्यात तीन दिवस चालवा, त्यातले दोन दिवस लागोपाठचे असू द्या आणि दर महिन्याला अंतर थोडं वाढवा. सहनशक्ती अजमावायची असेल तर ब्रेव्हे प्रकारच्या राइड आहेत: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. छान असतात, पण त्यात सामान नसतं. सामानासकट रोज साठ-सत्तर किलोमीटर महिनाभर, ही वेगळीच परीक्षा.

खाण्याचं मात्र लक्षात ठेवा. भूक लागायच्या आत खायचं, तहान लागायच्या आत प्यायचं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. गूळ-शेंगदाणे आपल्याकडे पोत्यानं आहेत, राजगिऱ्याचा लाडू आहे, केळी कुठेही मिळतात. तांबडा-पांढरा मुक्कामावर, राइडच्या आधी नाही. पन्हाळ्याच्या चढावर रस्सा उलट दिशेने प्रवास करायला लागतो. जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. पाण्याची खात्री नसेल तर खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

उंचीचं वेगळं सांगतो, कारण कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि इथं त्याचा सराव होऊ शकत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर आज जिथं झोपलात त्याच्यापेक्षा उद्या पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर झोपायचं नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती. पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४६५५ मीटरवर आहे. तिथं ताकद दाखवणारा पैलवान पहिल्यांदा आडवा पडतो. डोकं ठणकतंय, उलटी होतेय, चाल अडखळतेय, तर वाट बघू नका, खाली उतरा.

रस्ता, वारा, कागद

रस्ता नकाशा बघून ठरत नाही, तो व्हिसा आणि हंगाम बघून ठरतो. आपल्या पासपोर्टवर तर जास्तच. कोल्हापुरातून सायकल काढून सरळ युरोपपर्यंत जायचं, ही कल्पना रोमांचक आहे, पण पश्चिमेला पाकिस्तानची सीमा आणि पूर्वेला म्यानमारची, दोन्हीकडची दारं सध्या सायकलस्वारासाठी उघडी धरून चालू नका. बहुतेकांना एक तरी विमान घ्यावं लागतं. म्हणून प्रवास तुकड्यांत करा.

हंगाम असे: आग्नेय आशिया नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पामीर जून ते सप्टेंबर, युरोप मे ते सप्टेंबर, दक्षिण अमेरिकेचं टोक डिसेंबर ते फेब्रुवारी. दिशा शक्यतो पश्चिमेकडून पूर्वेकडे, कारण मधल्या अक्षांशांवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून वाहतात. जूनमध्ये गगनबावड्याकडे जाताना तोंडावर येणारा वारा ज्याने खाल्लाय त्याला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

युरोपच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना सायकल प्रवास त्यात धरलाय का आणि किती उंचीपर्यंत, हे दोन प्रश्न विचारा. युरोपात नव्याने जाणाऱ्याला डॅन्यूब नदीकाठचा पासाउ ते व्हिएन्ना रस्ता सांगतो: सपाट, पाट्यांनी भरलेला, थकलात तर शेजारून रेल्वे. ताजिकिस्तानात पामीरच्या भागासाठी व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागतो, तो व्हिसाबरोबरच मागा. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो. हे नियम अधूनमधून बदलतात; तिकीट काढण्याच्या आठवड्यात संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघाच. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी उरली पाहिजे. मोटारगाडीला परदेशात नेताना कार्नेट नावाचं कागद आणि त्याची अनामत लागते, सायकलला लागत नाही. सायकलवाल्यांना मिळणारा हा दुर्मीळ सरकारी दिलासा. मात्र सायकल महागाची असेल तर जाताना विमानतळावरच्या कस्टमकडून ती इथूनच नेल्याचा दाखला घ्या, म्हणजे परत येताना वाद नाही. फ्रेमचा नंबर पेडलच्या धुऱ्याखाली कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

सायकल खोक्यात

सायकलच्या दुकानात नव्या सायकलींची पुठ्ठ्याची खोकी पडलेली असतात, मागितली की मिळतात. डावं पेडल उलट आट्याचं असतं, ते उजवीकडे फिरवून सुटतं; हे माहीत नसल्यामुळे पान्हे तुटतात. पुढचं चाक काढा आणि ते धरणाऱ्या फोर्कच्या दोन पायांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, नाहीतर कुणीतरी खोक्यावर बसलं की फोर्क दबतो. मागचा गियर बदलणारा भाग फ्रेमवरून खोलून घ्या आणि फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, शंभर वॉट-तासांपर्यंत. स्टोव्हचं गॅसचं नळकांडं विमानात चालत नाही, पोचल्यावर घ्या. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर टायर, बूट, तंबूच्या खुंट्या धुऊन ठेवा. तिथं मातीसुद्धा तपासतात. कांदा-लसूण चटणी नेणारच असाल (मी नेतो), तर अर्जावर खाद्यपदार्थ असल्याचं लिहा. लिहिलं आणि टाकून द्यावी लागली तर चटणी जाते, लपवली आणि सापडली तर दंड होतो.

रात्र, कुत्री, माणसं

तंबू पहिल्यांदा घराच्या गच्चीवर लावा, जूनच्या पावसात, अंधारात, टॉर्च तोंडात धरून. सकाळी आत पाणी असेल तर शिवणीला सीलर लावा. परदेशात मोकळ्या जागी तंबू लावायचे नियम देशागणिक वेगळे आहेत. स्वीडनमध्ये रूढीने आणि कायद्याने मोकळीक आहे, जर्मनीत सहसा नाही. आपल्याकडे देवळाची ओवरी, शाळेचा व्हरांडा, पेट्रोल पंप, विचारून झोपायचं. सायकलवाल्यांना घरी उतरवून घेणाऱ्यांची वॉर्मशॉवर्स नावाची जागतिक साखळी आहे. स्वतः प्रवासाला निघण्याआधी वर्षभर कोल्हापुरात आलेल्या सायकलस्वारांना घरी बोलवा. एका रात्रीच्या गप्पांत जेवढं कळतं तेवढं या लेखात मावत नाही, आणि मिसळ खाताना त्यांचे चेहरे बघायला मिळतात.

कुत्रं मागं लागलं तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा. जगभर कुत्र्यांना ही भाषा कळते. चावलंच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन ठेवलेली बरी.

पहिला परदेश

नेपाळ. व्हिसा नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, भाषा अडत नाही आणि चढ भरपूर. कोल्हापुरातून सायकल रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बुक करा. पिशव्या आपल्याजवळ ठेवा, सायकलवर नाव, फोन आणि स्टेशन ठळक लिहा, टायरची हवा थोडी कमी करा. गाड्या बदलत गोरखपूरला उतरा. जिथं गाडी बदलायची तिथं पार्सलही उतरलंय का ते स्वतः जाऊन बघा. गोरखपूरपासून सोनौलीची सीमा शंभर किलोमीटरच्या आत, सपाट रस्ता, पहिल्या दिवसाला पुरेसा. सीमेपलीकडे लुंबिनी जवळच आहे. बुटवलच्या पुढं सिद्धार्थ महामार्ग डोंगरात शिरतो आणि तानसेनमार्गे पोखऱ्याला जातो. तिथं तो २२ दात्यांचा गियर कामाला येतो.

सोनौलीला चहा सीमेच्या अलीकडेच प्या, सुट्टे शंभराच्या नोटांत करून घ्या. नेपाळातही डावीकडूनच चालायचं असतं. कमान ओलांडली की घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढं करा.